आधी पदक, मग सायकल

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. समीक्षेने त्याला अजून नाव दिलेले नाही. तूर्त आपण त्याला ‘जिद्दकथा’ म्हणू. तिची घडण ठरलेली असते. पत्र्याचे घर, मोलमजुरी करणारे आईबाप, पहाटेचा अंधार, फाटक्या बुटांतला सराव, एखाद्या गुरुजींचा परीसस्पर्श आणि अखेरीस पदक. पदकामागून सत्कार, सत्कारामागून शाल आणि शालीमागून ते वाक्य : ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून तिने हे यश संपादन केले.’ या वाक्यातली ‘परिस्थिती’ अवर्षणासारखी असते. ती आकाशातून येते, तिला कर्ता नसतो, तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. वाक्याचा सारा भार त्या मुलीवर असतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, कारण ते त्याला साहित्य मानत नाहीत. ही चूक आहे. आपल्या कवितासंग्रहांच्या पाचशे प्रती खपायला दहा वर्षे लागतात. जिद्दकथा रोज सकाळी हजारो घरांत वाचली जाते. ती नुसती वाचली जात नाही, तिच्या बेताने धोरणे आखली जातात. माझा आरोप असा आहे : विद्यार्थी-खेळाडूंना द्यावयाच्या शिष्यवृत्तीची आपली सगळी कल्पना या कथेच्या कथानकावर उभी आहे. कथेत पदक शेवटी येते आणि मदत त्याच्याही नंतर. म्हणून व्यवहारातही आधी पदक, मग मदत. हा क्रम उलटा आहे. आणि तो उलटा आहे हे आपल्या ध्यानात येत नाही, यात आपल्या वाङ्मयीन अभिरुचीचा मोठा हात आहे.

उदाहरणादाखल मी सायकलिंग हा खेळ घेतो, कारण हा उलटा क्रम त्यात सर्वांत उघडा पडतो. आणि गाव घेतो लोहारा, कारण तो परिसर मी पाहिलेला आहे.

लोहारा हा धाराशिव जिल्ह्यातला, उमरग्याच्या शेजारचा लहानसा तालुका. बाहेरच्या वाचकाला तो माहीत असलाच तर दोन कारणांनी असेल. एक म्हणजे या तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली, निजामी राजवटीत, राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. दुसरे कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे. भूकंपाच्या बातम्यांत नाव किल्लारीचे झाले, पण सास्तूर आणि आसपासची गावेही त्यात जमीनदोस्त झाली. पुनर्वसनात जी गावे नव्याने वसली ती जुन्या, गढीभोवती दाटलेल्या गावांसारखी नव्हती. ती आखीव होती, रुंद रस्त्यांची होती आणि ऐसपैस पसरलेली होती. घर आणि शेत यांतले अंतर वाढले. वस्त्या आणि शाळा यांतले अंतर तर आधीपासूनच होते. अंतर वाढले की सायकल येते. आमच्याकडे सायकल हा छंद नाही, व्यायाम नाही आणि पर्यावरणप्रेम तर मुळीच नाही. एसटी चुकली तर शाळा चुकू नये, यासाठी घरात असलेली ती वस्तू आहे.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. सरकारी योजनांची टवाळी करण्याची आपल्याला सवय आहे. पण ही योजना शहाणपणाची आहे असे माझे मत आहे, कारण तिची अट साधी आहे. तुला शाळेत यायचे आहे ना? मग ही सायकल घे. ‘आधी वर्गात पहिली ये, मग सायकल देऊ’ असे ती म्हणत नाही. तीच मुलगी महाविद्यालयात जाते, तीच सायकल घेऊन खेळायचे म्हणते, आणि तिथून व्यवस्थेची भाषा बदलते.

या भागातल्या एका महाविद्यालयात मी काही वर्षे मराठी शिकवत होतो. द्वितीय वर्षाला एक मुलगी होती. वस्तीवरून सात-आठ किलोमीटर सायकलने यायची. सायकल शाळेत असताना मिळालेली. एका वर्षी आंतरमहाविद्यालयीन सायकलिंगसाठी नाव पाठवायचे होते आणि नाव सापडत नव्हते. कोणीतरी म्हणाले, ‘ती रोज सायकलवर येते की.’ एवढ्या पात्रतेवर तिची निवड झाली. ती सायकल एसटीच्या टपावर टाकून गेली. इतर मुलींच्या सायकली गिअरच्या, हलक्या होत्या. हिच्या सायकलीला पुढे जाळीची टोपली होती. ती तिने आदल्या रात्री पान्याने काढून ठेवली होती. शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. सर्वांत शेवटी जी आली तिची चेन तुटली होती. हिला सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे खेळाडूंच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आला, त्यात एक रकाना होता : प्राप्त क्रमांक. पहिला, दुसरा की तिसरा, एवढेच त्यात लिहिता येत होते. तिचा अर्ज भरण्याआधीच बाद होता.

त्या वर्षीच्या वार्षिक अंकाचा मी संपादक होतो. तिच्याकडून लेख मागितला. तिने दोन पाने लिहून आणली. त्यातले पाऊण पान म्हणजे यादी होती. मागचा टायर किती महिने टिकला, ट्यूबला किती पंक्चर झाली, रिंगचा आऊट काढायला किती लागले, तारा, छर्रे, ब्रेकची रबरे. टायरचे पैसे मावशीने दिले आणि ते सोयाबीनच्या काढणीला जाऊन कसे फेडले. स्पर्धेच्या आधी महिनाभर अंडी खायला सांगितली होती, त्यातली किती खाता आली. मी ती यादी कापली. मला ती रुक्ष वाटली. तिच्या जागी समोरून येणारा वारा, पहाटेचे धुके आणि आईच्या डोळ्यांतले पाणी घातले. अंक निघाला. लेखाचे कौतुक झाले. काही दिवसांनी ती व्हरांड्यात भेटली आणि म्हणाली, ‘सर, ते टायरचं काढून टाकलाव की. तेच तर खरं होतं.’

ती तक्रार करत नव्हती. सहज म्हणाली आणि तासाला निघून गेली. मला उत्तर सुचले नाही.

मी जे केले ते अडाणीपणाने केले नाही, शिक्षणाने केले. हिशेबाने रसभंग होतो, असे आपल्या मनावर बिंबलेले असते. वास्तववादावर तास घेणारा मी. वास्तव हाती आले तेव्हा त्यावर लाल रेघ ओढली. त्या यादीतला प्रत्येक आकडा एकच गोष्ट सांगत होता : हा खर्च कोणीतरी करायला हवा होता, तो कोणी केला नाही, म्हणून तो मावशीवर आणि सोयाबीनच्या रानावर पडला. माझ्या धुक्यात ते दिसेनासे झाले. उरली ती जिद्द. जिद्द असली की अंदाजपत्रक लागत नाही, ही तिची मोठी सोय आहे.

मराठीत ‘साहित्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आपण शिकवतो तो. दुसरा, स्वयंपाकाचे साहित्य, पूजेचे साहित्य, खेळाचे साहित्य यांतला. आपण पहिल्या अर्थाचे पगारदार आहोत आणि दुसरा अर्थ विसरलो आहोत. तो ध्यानात घेऊन आता धाराशिव जिल्ह्याच्या क्रीडाजीवनाकडे पाहा.

हा जिल्हा खो-खोचा बालेकिल्ला. इथल्या सारिका काळे या २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होत्या. पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी सांगितले की घरच्या हलाखीमुळे जवळजवळ दहा वर्षे त्या दिवसातून एकदाच जेवत होत्या. ही गोष्ट देशभर छापून आली. छापणाऱ्यांनी तिचा अर्थ लावला तो असा : बघा, एकभुक्त राहूनही मुलगी कुठवर पोहोचली! माझ्या मते ही गोष्ट गौरवपत्रात बसत नाही, तिची जागा आरोपपत्रात आहे. खेळणाऱ्या मुलीचे नाव शाळेच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या कोणत्या ना कोणत्या कागदावर असते. दहा वर्षे ते नाव लिहिले गेले आणि तिच्या दुसऱ्या वेळच्या जेवणाचा रकाना कोणत्याही कागदावर नव्हता. पुरस्कार मिळाल्यावर तो रकाना आपल्याला ‘प्रेरणादायी’ वाटला.

तरीही सारिका काळे घडल्या. त्यांच्या गुणांना आणि प्रशिक्षकांच्या कष्टांना त्याचे श्रेय आहेच. पण आणखी एक गोष्ट आहे. खो-खोला दोन खांब आणि एक मैदान लागते. बाकी सारे साहित्य खेळाडूच्या अंगातच असते. सायकलिंगला सायकल लागते. शर्यतीची चांगली सायकल आज लाखांच्या घरात जाते. वर शिरस्त्राण, पेडलला अडकणारे बूट, झिजणारे टायर, प्रवास आणि खुराक. म्हणजे आमच्या जिल्ह्यात खो-खोपटू निघतात आणि सायकलपटू निघत नाहीत, यामागे मुलींच्या पायांतले बळ कमी-जास्त असणे हे कारण नाही. गरीब जिल्ह्याने कोणता खेळ खेळावा, हे साहित्याची किंमत ठरवते. २०१८ साली केंद्र सरकारने देशातले जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्राचे चार आहेत आणि त्यांत आमचा एक. आकांक्षा कोणत्या खेळाची धरायची, तेवढे मात्र आधीच ठरलेले असते.

विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे काय मिळते, ते एकदा क्रमाने मांडू. संघात निवड झाली तर प्रवासभत्ता आणि ट्रॅकसूट. स्पर्धेत खेळला तर परीक्षेत वाढीव गुण. पदक मिळाले तर रोख बक्षीस किंवा शिष्यवृत्ती. पुढे नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण प्रत्येक गोष्ट ‘तर’नंतर येते. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला पाच लाख रुपये, आठ वर्षांपर्यंत, खर्च करण्याची तरतूद आहे, आणि तो पैसा प्रशिक्षणावर जायचा आहे. मांडणी म्हणून हे पुढचे पाऊल आहे, हे मान्य केले पाहिजे. पण निवडीची चाळण कुठे लावली आहे ते पाहा. ती राष्ट्रीय स्पर्धांच्या दारात आहे. लोहाऱ्याची मुलगी त्या दारापर्यंत पोहोचायची तर तिच्या बुडाखाली आधी शर्यतीची सायकल हवी.

सारे लाभ प्रमाणपत्राला चिकटवले की दुसरी एक गोष्ट घडते. खेळापेक्षा प्रमाणपत्र मोलाचे होते आणि मग ते विकायला येते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. न खेळलेल्या खेळांच्या जोरावर लोक नोकरीला लागले. यावर आपण ‘नीतिमत्ता ढासळली’ असा उसासा टाकतो. नीतिमत्ता ढासळली हे खरेच. पण ज्या व्यवस्थेत खेळण्याला काही मिळत नाही आणि खेळल्याच्या कागदाला सारे मिळते, तिथे कागदाचा बाजार भरला तर आश्चर्य कसले?

डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हा चित्रपट आपण आस्वादाच्या तासाला दाखवतो. त्याच्या आरंभीचा प्रसंग आठवा. युद्धानंतरच्या रोममध्ये अँतोनियोला अखेर काम मिळते, भित्तिपत्रके चिकटवण्याचे. अट एकच : सायकल स्वतःची हवी. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते आणि शेवटी, दिवसभराच्या वणवणीनंतर, तो सरळ माणूस स्वतः एक सायकल चोरू पाहतो. या चित्रपटाविषयी आपण माणुसकी, बापलेकाचे नाते, नववास्तववाद असे पुष्कळ बोलतो. पण त्यातले साधे अर्थशास्त्र आपल्या नजरेतून निसटते. काम देणाऱ्याने कामाचे हत्यार माणसाने आणावे अशी अट घातली, तिथेच पुढच्या चोरीचे बी पडले. आमच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातला तो रकाना आणि ती अट ही एकच गोष्ट आहे. फरक इतकाच की अँतोनियोला निदान काम आधी मिळाले होते.

यावर गुणवत्तेचा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक असू शकतो. सर्वांना कसे द्यायचे? जो जिंकतो त्यालाच द्यायला हवे ना? याचे उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम अमेरिकेत जातो, कारण गुणवत्तेचा जप करणाऱ्यांचे ते आवडते तीर्थक्षेत्र आहे. तिथे महाविद्यालयीन खेळांच्या मुख्य संघटनेच्या यादीत सायकलिंग नाही. हा खेळ बहुतांश विद्यार्थ्यांच्या क्लबांतून चालतो. इंडियानातले मारियन विद्यापीठ, कोलोरॅडोतले फोर्ट लुइस कॉलेज अशा काही ठिकाणी सायकलपटूंना शिष्यवृत्तीही मिळते. पण मला सांगायचे आहे ते इंडियाना विद्यापीठातल्या ‘लिटल ५००’ या शर्यतीविषयी. हॉवर्ड विल्कॉक्स यांनी ती १९५१ साली सुरू केली. चौघांचा संघ, आळीपाळीने सायकल चालवायची, पुरुषांसाठी दोनशे फेऱ्या, म्हणजे पन्नास मैल. १९८८ पासून स्त्रियांची शर्यतही होते, शंभर फेऱ्यांची. या शर्यतीच्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, सर्व संघांच्या सायकली एकसारख्या असतात, एका गिअरच्या, शर्यतीच्या नियमांनीच ठरवून दिलेल्या. बापाच्या खिशाला तिथे वेग नाही. दुसरी, ही शर्यत उभारली गेली तीच शिष्यवृत्तीसाठी पैसा जमवायला, आणि ती शिष्यवृत्ती नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होती.

अमेरिकेत सारे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. याच शर्यतीवर बेतलेला ‘ब्रेकिंग अवे’ (१९७९) हा चित्रपट आहे. त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. त्यातली पोरे गावातल्या दगडफोड्यांची. विद्यापीठाच्या इमारतींचा दगड त्यांच्या बापांनी खाणीतून काढलेला; पण त्या इमारतींत जायला बापालाच संकोच वाटतो. विद्यार्थी त्यांना ‘कटर्स’ म्हणून हिणवतात, तेव्हा ती पोरे तेच नाव छातीवर लावून शर्यतीत उतरतात. मराठवाड्यातल्या वाचकाला ‘तोडणी कामगार’ हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही भेद आहेतच. पण सायकल सर्वांना सारखी दिली की निदान शर्यत होते. आपण जिला शर्यत म्हणतो ती पुष्कळदा सायकलींच्या किमतींची मोजदाद असते आणि तिच्या निकालाला आपण गुणवत्ता म्हणतो.

खरे तर इतके दूर जाण्याचे कारण नव्हते. लोहाऱ्याची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९९४ साली झालेल्या त्या नामविस्तारासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. ज्यांचे हे नाव, त्यांच्या शिक्षणाचा हिशेब काय सांगतो? एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, दिले. करार होता तो परत येऊन संस्थानाची नोकरी करण्याचा. हे पैसे आधी मिळाले, पदव्या मागून आल्या. ‘प्रथम कोलंबियाची पदवी दाखवा, मग बोटीचे भाडे देऊ’ असे सयाजीराव म्हणाले असते तर काय झाले असते, याची कल्पना विद्यापीठाच्या प्रवेशद्वारातून जाता-येता प्रत्येकाने करावी. ‘वृत्ती’ या शब्दाचा जुना अर्थच उपजीविका असा आहे. शिष्यवृत्ती म्हणजे शिष्य असताना जगण्याची तजवीज. शिष्यत्व संपल्यावर गळ्यात पडतो तो हार.

साधन आधी दिल्याने काय होते याचा पुरावाही आपल्या देशातच आहे. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात असे आढळले की त्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटली. त्या मुलींना कोणी जिद्दीची परीक्षा द्यायला लावली नव्हती. त्यांना चाके मिळाली. खेळातही वेगळे घडत नाही. जून २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सांघिक स्प्रिंटमध्ये कांस्यपदक जिंकले. त्या तिघींपैकी मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या महाराष्ट्राच्या, भंडारा जिल्ह्यातल्या. भंडाऱ्याच्या मुलीला ट्रॅक आणि ट्रॅकवरची सायकल मिळाली तर ती आशियात तिसरी येते. लोहाऱ्याच्या मुलींच्या गुडघ्यांत काही वेगळे वंगण असेल असे मला वाटत नाही.

मग विद्यापीठाने करावे काय? माझी सूचना क्रीडाशास्त्रातली नाही. मी भाषेचा मास्तर आहे. ती ग्रंथालयातून सुचलेली आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्याला पुस्तक आधी मिळते, परीक्षा नंतर होते. ‘प्रथम वर्ग मिळव, मग पुस्तक देऊ’ अशी पाटी लावणाऱ्या ग्रंथपालाला आपण वेड्यात काढू. विद्यापीठाचा सायकलिंग क्लब म्हणजे असे सायकलींचे ग्रंथालय असावे. सायकली विद्यापीठाच्या मालकीच्या, एकसारख्या, नोंदवहीत सही करून वर्षभरासाठी दिलेल्या. मुख्य आवारातच नव्हे. लोहाऱ्यापासून ते आवार अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे, उमरग्यासारखी तालुक्याची गावे आहेत, तिथे त्या ठेवाव्यात. गावातल्याच एखाद्या सायकल दुकानदाराला दुरुस्तीचे काम बांधून द्यावे. आणि शिष्यवृत्ती दरमहा द्यावी : दूध, अंडी, शेंगदाणे, टायर-ट्यूब, प्रवास. ती मिळण्याची अट एकच असावी, की मुलगी सरावाला येते. क्रमांकाचा रकाना अर्जातून काढून टाकावा. क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतले जाते, पदक मिळवणाऱ्याकडूनच नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

सायकली चोरीला जातील, विकल्या जातील, असे म्हटले जाईल. पुस्तकेही हरवतात, म्हणून कोणी ग्रंथालयाला कुलूप घातलेले नाही. पदके येणार नाहीत, असेही म्हटले जाईल. कदाचित येणार नाहीत. वाचनालयातून पुस्तके नेणारे सगळे लेखक कुठे होतात? तरीही आपण वाचनालये चालवतो, कारण वाचन ही माणसाला मिळायला हवी अशी गोष्ट आहे असे आपण मानतो. मुलीच्या अंगातल्या वेगाबद्दल तसे मानायला काय हरकत आहे? तिसरा आक्षेप पैशाचा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, परदेशी संघ आले, त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. शर्यत झाली याचा मला आनंदच आहे. पण पाच दिवसांच्या शर्यतीसाठी शेकडो किलोमीटर रस्ता सजवता येतो, तर धाराशिव जिल्ह्यात वीस-पंचवीस सायकली ठेवण्यासाठी पैसे नाहीत हे कोणी मला सांगू नये.

उरतो प्रश्न आपला, म्हणजे साहित्याच्या लोकांचा. आपल्या हाती अंदाजपत्रक नाही, पण वार्षिक अंक आहेत. निबंधस्पर्धा आहेत, सत्काराची सूत्रसंचालने आहेत, मानपत्रांचे मसुदे आहेत. जिद्दकथा वृत्तपत्रांत वाढते, पण तिची रोपवाटिका आपल्या वर्गात आहे. ‘काट्यांतून फुलले गुलाब’ असली शीर्षके आपण सुचवतो. काटे कोणी लावले, ही ओळ आपण कापतो. अण्णा भाऊ साठे यांच्यापासून दलित आत्मकथनांपर्यंतच्या लेखकांनी भुकेचा हिशेब मांडून मराठी साहित्य मोठे केले, असे आपण परीक्षेत लिहून घेतो; आणि समोरच्या बाकावरची मुलगी तोच हिशेब घेऊन आली की तिला सांगतो, जरा ललित कर.

त्या मुलीने पुढे स्पर्धा खेळल्या नाहीत. पदवी घेतली, लग्न झाले. आता ती कुठे आहे ते मी शोधलेले नाही. तिचे हस्तलिखित माझ्याकडे राहिले नाही. संपादित लेख तेवढा अंकात आहे, धुक्यासकट. हे लिहिताना तो पुन्हा काढून वाचला. त्यात एकही आकडा नाही. मागच्या टायरचे काय झाले ते कोणाला त्यावरून कळणार नाही.

पुढच्या अंकासाठी आपल्यापैकी कोणाकडे अशी यादी आली तर ती जशीच्या तशी छापावी. आणि छापून झाली की तिची एक प्रत विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला मागणीपत्र म्हणून पाठवावी.